अस्सल आणि नक्कल : त्सुनामीत सापडलेली साडेसात लाख छायाचित्रे

मराठी इतिहाससंशोधनाच्या परिभाषेत 'अस्सल' आणि 'नक्कल' या शब्दांना ठरीव अर्थ आहेत. ज्या कागदावर मूळचा शिक्का-मोर्तब आहे तो अस्सल. त्यावरून उतरवून घेतलेला तो नक्कल. पुराव्याच्या उतरंडीत नकलेची जागा खालची. आणि तरीही आपल्या ज्ञानाचा केवढा मोठा भाग नकलांवर उभा आहे! ज्ञानेश्वरीची ज्ञानदेवकालीन प्रत आपल्यापाशी नाही, एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) केलेली पाठशुद्धी आणि ठिकठिकाणच्या लिपिकारांनी लिहिलेल्या पोथ्या यांच्या वाटेनेच आपण तिच्यापर्यंत पोचतो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या मागे-पुढे कितीतरी वर्षे वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळीत आणि कागद उतरवून घेत हिंडत होते. पाठचिकित्सेचा अभ्यासक नकलेकडे संशयाने पाहतो खरा, पण तिच्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही.

या सर्व व्यवहारात एक गोष्ट आपण गृहीत धरतो. नक्कल काढायची ती अस्सल नाहीसे होईल म्हणून. ते नाहीसे झाले की नकलेने त्याच्या जागी उभे राहायचे. प्रस्तुत लेखात ज्या प्रसंगाचा विचार करायचा आहे त्यात नकलेने याच्या उलट काम केले. अस्सल वस्तू हाती होती, तिचा धनी मात्र सापडत नव्हता. त्याला शोधण्यासाठी नकला काढाव्या लागल्या, आणि त्याही लाखांच्या संख्येने व अतिशय घाईने.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० प्रतीचा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता यांची संख्या अठरा हजारांहून अधिक भरली. मियागी प्रांताच्या दक्षिण टोकाला, पॅसिफिकच्या काठावर यामामोतो नावाचे एक छोटे गाव आहे. स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी ते ओळखले जाई. लोकवस्ती सतरा हजारांच्या आत. गावाच्या क्षेत्रापैकी एक-तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. ढिगाऱ्यांत माणसे शोधणाऱ्या सैनिकांच्या, अग्निशमन दलाच्या आणि स्वयंसेवकांच्या हाताला किनाऱ्यावरच्या गावागावांतून एक वस्तू वारंवार लागू लागली : छायाचित्रांचे आल्बम. फर्निचर मोडले होते, मोटारी उलटल्या होत्या. त्या सगळ्याकडे 'मलबा' म्हणून पाहता येत होते. आल्बमकडे मात्र तसे पाहणे कोणाला जमेना. शोध घेणाऱ्यांनी ते उचलून बाजूला ठेवले. शाळांच्या व्यायामशाळांमधून आणि सार्वजनिक इमारतींतून चिखलाने माखलेल्या आल्बमांचे ढीग उभे राहिले. एकट्या यामामोतोत अशी सुमारे साडेसात लाख छायाचित्रे गोळा झाली. अवघ्या गावाचा खाजगी इतिहास एका छताखाली, पण कोणाचे काय हे सांगणारे कोणी नाही, अशी ती अवस्था होती.

येथे घाईचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण ते रसायनशास्त्राच्या आतले आहे. रंगीत छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचे पातळ थर असतात आणि त्या थरांत रंगद्रव्ये असतात : सर्वांत वर निळसर-हिरवा, मध्ये किरमिजी, तळाशी पिवळा. जिलेटिन हा प्राणिज पदार्थ. समुद्राच्या पाण्याने तो फुगतो, आणि चिखलातल्या जिवाणूंचे ते आयते अन्न होते. थर वरून खाली झिजत जातात. म्हणून आधी निळसर-हिरवा जाऊन चित्र तांबडे दिसू लागते, मग किरमिजी जाऊन पिवळे उरते, आणि शेवटी कोरा पांढरा कागद. नाश बहुधा कडेकडून मध्याकडे सरकतो. आधी पार्श्वभूमीतले घर जाते, मग खांदे आणि हात, आणि चेहरा, तो मधोमध असल्यामुळे, सर्वांत शेवटी. छायाचित्राच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचे अस्तर लावण्याची पद्धत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली होती, म्हणून कागदाचा लगदा झाला नाही. अवधी मिळाला तो एवढाच. वसंत संपून उन्हाळ्याचा दमटपणा सुरू झाला की जिवाणूंचा वेग वाढणार होता. चिकट पानांच्या आल्बममध्ये अडकलेली चित्रे तर परस्परांना डकून बसलेली होती.

दुसरे कारण माणसांचे होते. जपानी अंत्यविधीत आणि घरातल्या पूजास्थानी मृताचे छायाचित्र असावे लागते. त्याला 'इएई' असा स्वतंत्र शब्द आहे. ज्यांचे माणूस गेले आणि घरही वाहून गेले, त्यांच्यापाशी विधीपुरतादेखील एक चेहरा शिल्लक नव्हता. आज ना उद्या सापडेल, असे म्हणून थांबण्यासारखी ही गरज नव्हती.

तेव्हा प्रथम धुणे आले. वाळलेला चिखल मऊ ब्रशाने झाडायचा, चित्र आल्बममधून सोडवायचे, थंड किंवा कोमट पाण्यात बोटांच्या टोकांनी हलकेच धुवायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे आणि दोरीवर चिमट्याने टांगायचे. फुजीफिल्म या कंपनीने धुण्याच्या पद्धतीची माहिती प्रसृत केली आणि माणसेही पाठवली. फिल्म बनविणाऱ्यांनी वाचविण्याच्या कामाला लागावे, हा योग विचार करण्याजोगा आहे. या धुणावळीवर पुढे, २०२० मध्ये, 'असादा-के!' नावाचा जपानी चित्रपटही निघाला.

धुतलेले चित्र वाचले, पण ते कोणाचे? साडेसात लाख चित्रे टेबलांवर मांडता येत नाहीत. मांडली तरी घर गमावलेली, तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारी, वृद्ध माणसे ती सगळी पाहू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक चित्राला क्रमांक द्यायचा, त्याची डिजिटल प्रत काढायची, ती संगणकावर चाळता येईल अशी ठेवायची, आणि कोणी ओळखले की त्या क्रमांकाची मूळ वस्तू त्याच्या हाती द्यायची, असा बेत ठरला. माहिती-समाजशास्त्राचे अभ्यासक, विद्यार्थी आणि टोकिओहून येणारे तरुण छायाचित्रकार या कामाला लागले. उपक्रमाचे नाव 'ओमोइदे साल्व्हेज' : आठवणींचे उद्धरण.

प्रत काढायची कशाने, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण त्यात मूल्यनिर्णय दडलेला होता. सपाट काचेच्या स्कॅनरवर चित्र ठेवून झाकण मिटायचे, प्रकाशपट्टी सरकू द्यायची, झाकण उघडायचे, याला एक मिनिट धरले तर साडेसात लाख चित्रांना साडेबारा हजार तास लागतात. दिवसाला आठ तास काम केले तरी एका यंत्राला चार वर्षांहून अधिक काळ. चित्रे आपोआप ओढून घेणारे वेगवान स्कॅनर बाजारात होते, पण ओलसर, वेडीवाकडी, थर सुटलेली चित्रे त्यांच्या रुळांत घालणे म्हणजे उरलेलेही गमावणे. मग जी वाट राहिली ती जुनीच होती : छायाचित्राचे छायाचित्र घ्यायचे. कॅमेरा स्टँडवर उभा, भिंग खाली रोखलेले, खाली एकरंगी कापड, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांच्या कोनात दिवे म्हणजे चकाकी भिंगात येत नाही. एक माणूस चित्र ठेवतो, दुसरा बटण दाबतो, तिसरा उचलून नेतो. असे एक चित्र दहा सेकंदांत होते असे धरा. तेच काम दोन हजार त्र्याऐंशी तासांवर येते आणि दहा स्टँड लावले तर एका महिन्याच्या आत बसते. यामामोतोत कॅमेऱ्यांनीच प्रती काढण्यात आल्या.

यात गुणवत्तेची किंमत फार मोजावी लागली असेही नाही. चार इंच बाय सहा इंचांचे चित्र इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने टिपायचे तर साधारण बावीस लाख बिंदू लागतात. ६०० च्या हिशेबाने शहाऐंशी लाख. त्या काळचे साधे डिजिटल कॅमेरेही याहून अधिक टिपत होते, आणि दुकानात छापलेल्या चित्रात इंचाला तीनशे बिंदूंहून अधिक तपशील क्वचितच असतो. स्कॅनरचा रंग अधिक एकसारखा येतो, कडा अधिक सरळ येतात, हे मान्य. पण आईने आपले मूल ओळखण्यासाठी कडा सरळ असाव्या लागत नाहीत.

संकटकाळातल्या सामूहिक प्रतीकरणाचा इतिहास पाहिला तर हा विवेक पुन:पुन्हा आढळतो. १८७० च्या सप्टेंबरपासून प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा रने दाग्रों या छायाचित्रकाराने शहराबाहेरून येणारी पत्रे सूक्ष्म आकारात फिल्मवर उतरवली. एकेका पापुद्र्यावर हजारो निरोप, आणि ते कबुतरांच्या शेपटीला बांधून पॅरिसमध्ये पोचते झाले. आत ती फिल्म जादूच्या दिव्याने पडद्यावर मोठी करून कारकून निरोप हाताने उतरवून घेत. म्हणजे अस्सल पत्र, त्याची सूक्ष्म नक्कल आणि नकलेची हस्तलिखित नक्कल. घरी पोचे ती ही तिसरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ पासून सैनिकांची पत्रे सोळा मिलिमीटर फिल्मवर टिपून पाठवली आणि पलीकडे छापून वाटली. फिल्म सुखरूप पोचल्यावर मूळ पत्रे नष्ट केली जात. या दोन्ही प्रसंगांत नक्कल प्रवास करते आणि अस्सल मागे पडते. यामामोतोत प्रवास करायचा होता तो अस्सलाने. नक्कल केवळ वाट दाखवणार होती.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे वॉल्टर बेन्यामिनची आठवण होणे अपरिहार्य आहे. यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीचा त्याचा निबंध १९३६ साली प्रथम फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. एकमेव वस्तूला तिच्या स्थळकाळामुळे लाभणारे तेजोवलय पुनरुत्पादनाने विरते, आणि छायाचित्राच्या बाबतीत तर 'अस्सल प्रत' मागण्यालाच अर्थ नाही, कारण एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू शकतात, हा त्याचा युक्तिवाद आपण वर्गात शिकतो-शिकवतो. यामामोतोच्या व्यायामशाळेत तो अपुरा पडतो. निगेटिव्ह वाहून गेलेल्या होत्या. उरलेले प्रत्येक चित्र त्या क्षणी जगात एकटे होते. पाण्याच्या डागाने, चिखलाच्या रेषेने, उडालेल्या रंगाने त्याला स्वत:चा असा एक इतिहास मिळाला होता. यंत्राने काढलेल्या प्रतीलाही काळाच्या हातून अस्सलपण प्राप्त होऊ शकते. बेन्यामिनच्या सिद्धान्ताला यामुळे बाध येतो असे मी म्हणणार नाही. पण तेजोवलय वस्तूच्या जन्मातूनच येते असे नाही, ते तिच्या भोगवट्यातूनही येते, एवढी पुरवणी त्याला जोडावी लागते.

दुसरे नाव रोलाँ बार्थचे. 'कॅमेरा ल्युसिडा' (१९८०) या त्याच्या अखेरच्या पुस्तकाचा गाभा म्हणजे त्याच्या आईचे लहानपणचे, काचगृहातले एक छायाचित्र. त्याविषयी तो पानेच्या पाने लिहितो. पुस्तकात इतर अनेक चित्रे छापतो. ते चित्र मात्र छापत नाही. परक्या वाचकाला ते असंख्य चित्रांपैकी एक वाटेल, त्यात जखम दिसणार नाही, हे त्याचे कारण. आता कल्पना करा की अशी साडेसात लाख काचगृहातली छायाचित्रे परक्या माणसांच्या हातात आहेत. धुणाऱ्याला दिसते ते फक्त एक लग्न, एक शाळेचा पहिला दिवस, समुद्रकाठची एक सहल. सगळी चित्रे एकसारखी, कारण जगभर कौटुंबिक आल्बम त्याच चार-सहा प्रसंगांचे असतात. बार्थच्या दृष्टीने ती मुकी आहेत. पण मुकेपणा हा अंत न मानता तो एक संबंध तुटल्याची खूण आहे असे मानले, तर काम उरते ते संबंध जोडण्याचे. प्रतींच्या त्या सूचीकडे मी वाचकाच्या प्रतीक्षेतली संहिता म्हणून पाहतो. तिचा एकेक वाचक जगात कोठेतरी एकच होता, किंवा आता नव्हताही.

हा शेवटचा मुद्दा हिशेबात उतरतो. रिको या कंपनीने याच किनाऱ्यावर २०११ ते २०१५ या काळात असाच उपक्रम चालवला. कर्मचाऱ्यांनी चित्रे धुतली, डिजिटल प्रती काढल्या, आणि गावागावांतल्या केंद्रांवरच्या संगणकांत शोधाची सोय केली. सुमारे ४ लाख १८ हजार छायाचित्रे त्यांच्याकडे आली होती. त्यांपैकी ९० हजारांहून अधिक घरी परतली. म्हणजे पाचांत एक. आकडा मोठा की लहान? ग्रंथालयाच्या दृष्टीने उरलेले चार भाग हे अनोळखी सामग्रीचे ओझे. मला वाटते, ज्या माणसाला त्या नव्वद हजारांतले एक मिळाले, त्याच्यासाठी सर्वच्या सर्व चार लाख अठरा हजारांच्या प्रती काढाव्या लागल्या, असा हा हिशेब मांडायला हवा. कारण कोणते चित्र परत जाणार आहे, हे आधी कळण्याची सोय नव्हती. निवड करून प्रती काढू म्हणणाऱ्याने निवडीचा निकष कोणता लावला असता? सुंदर चित्रे? स्पष्ट चेहरे? मग अंधूक कोपऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या आजोबांचे एकमेव चित्र टोपलीत गेले असते.

आणि टोपलीत जाणारीही होतीच. ज्यांच्यावरचे चेहरे पूर्ण विरघळले होते अशी यामामोतोतली चित्रे टाकून देण्याच्या वर्गात पडली. मुनेमासा ताकाहाशी या छायाचित्रकाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचे प्रदर्शन भरवले. 'लॉस्ट अँड फाउंड' या नावाने ते २०१२ पासून टोकिओ, न्यूयॉर्क आदी शहरांत मांडले गेले. पांढरे, पिवळे, तांबडे ढग आणि त्यांच्यामध्ये एखादा हात, किमोनोची एखादी बाही. पाहणाऱ्याला ती अमूर्त चित्रकलेसारखी सुंदर वाटतात, आणि अडचण नेमकी येथे आहे. कोणाच्या तरी मृत्यूच्या खुणेकडे रंगसंगती म्हणून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? माझे उत्तर असे, की त्या भिंतीपुढे सौंदर्य जाणवणे टाळता येत नाही आणि त्याबद्दल अवघडणेही टाळता येत नाही. या दोहोंपैकी एकाला बाजूला सारणारी समीक्षा त्या प्रदर्शनाला पुरी पडणार नाही. मात्र ज्या चित्रांतले चेहरे शाबूत होते ती भिंतीवर येण्याआधी आपल्या माणसांच्या शोधात निघाली होती, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

शांततेच्या काळातले उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या तळघरात पन्नास ते सत्तर लाख छापील छायाचित्रे आहेत. २०१५ मध्ये तेथे नळ फुटून पाणी शिरले; हानी थोडक्यात निभावली. २०१८ मध्ये गूगलच्या साहाय्याने त्यांच्या डिजिटल प्रती काढण्याचे काम जाहीर झाले. तेथे चित्राच्या पुढच्या बाजूइतकेच महत्त्व पाठीमागच्या बाजूला आहे, कारण केव्हा छापले, मथळा काय दिला, छायाचित्रकार कोण, याचे शिक्के आणि चिकटवलेली कात्रणे सर्व पाठीवर आहेत. यामामोतोतल्या चित्रांच्या पाठीवरची शाई पुष्कळदा पाण्याने नेली होती. एका ठिकाणी संदर्भ भरपूर आणि घाई बेताची. दुसऱ्या ठिकाणी घाई फार आणि संदर्भ शून्य. घाईने केलेल्या प्रतीकरणाची खरी मर्यादा बिंदूंच्या संख्येत नसून येथे आहे. चित्र दहा सेकंदांत टिपता येते. त्यातला माणूस कोण, हे सांगायला त्याला ओळखणारे माणूस जिवंत असावे लागते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ मधले सांगली-कोल्हापूर, २०२१ मधले चिपळूण : आपल्या कौटुंबिक स्मृतीवरही पाणी अनेकदा फिरले आहे. आणि आपल्या वाङ्मयेतिहासाचा एक न छापलेला भाग घराघरांतल्या आल्बमांत आहे. संमेलनाच्या मांडवातले, नियतकालिकाच्या कचेरीतले, नाटकाच्या तालमीतले समूहचित्र. त्यात ओळखू येणारे दोघे आणि न ओळखू येणारे नऊ. आज मोबाइल आणि स्टँड यांच्या आधारे असा एक आल्बम दुपारभरात टिपून होतो. अडचण तेथे उरलेलीच नाही.

म्हणून यामामोतोपासून घ्यायचे ते वेगाचे कौतुक नव्हे, कामाचा क्रम. आधी आल्बमचे अख्खे पान टिपावे, मग एकेक चित्र. कारण पानावरची मांडणी हीदेखील कोणीतरी केलेली रचना आहे आणि चित्रे सुटी झाली की ती परत जुळत नाही. मग प्रत्येक चित्राची पाठ टिपावी, तीवर एखादेच अक्षर असले तरी. सगळे टिपावे, निवड नंतर करावी. मूळ चित्रे फेकू नयेत. त्यांच्यावर आणि प्रतींवर एकच क्रमांक घालावा. आणि त्या प्रती पडद्यावर घेऊन घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या शेजारी बसावे, तो जी नावे सांगेल ती लिहून घ्यावीत. राजवाड्यांच्या पिढीने माळ्यांवरून दप्तरे उतरवली तेव्हा कागदांवरचे लेखक शतकापूर्वी गेलेले होते. त्यांना विचारायची सोय नव्हती. आपल्याला ती अजून काही वर्षे आहे.